पुढे ढकलायच्या गोळ्या

पेणच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा समीक्षा हमरापूरच्या फाट्यावर रिक्षातून उतरत होती. एका हातात आईच्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात शहाळं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरावा लागला. पलीकडची मुलगी आवाजाने नम्र होती.

"मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्या, इंजेक्शन आजपासून बंद करा. बंद केल्यावर आठवड्याभरात पाळी येईल. मग भेटायला या."

"बरं," समीक्षा म्हणाली.

शहाळं हातातून सुटलं आणि रस्त्याच्या कडेला गडगडत गेलं. ते तिने उचललं, पदराने पुसलं आणि ती घराकडे चालू लागली. फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना कारखानेच. इथे कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि शेडीत दाटीवाटीने गणपती. वैशाखातले गणपती पांढरे असतात, रंग चढायचा असतो. डोळे तर सगळ्यात शेवटी. बिनडोळ्यांच्या त्या रांगांमधून ती लहानपणापासून शाळेत गेली-आली होती आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र कोणी बघत नाही याचं बरं वाटलं.

मूल व्हावं म्हणून घेतलेल्या उपचारांची तिची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन रोह्याहून येऊन-जाऊन झाल्या. या वेळी ती माहेरीच राहिली होती, कारण दवाखाना पेणला आणि आई अंथरुणावर. आईच्या यकृताचं मुंबईच्या डॉक्टरांनी काय ते पाहिलं आणि म्हणाले, "घरी न्या. आवडेल ते खायला द्या." या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रोह्याच्या वाचनालयातली नोकरी बिनपगारी रजेवर टाकून समीक्षा आली. आईची सेवाही होईल आणि आपले उपचारही. एका घरात दोघींची औषधं, एकाच फळीवर. फक्त तिची वरच्या बाजूला, आईची खाली.

उपचार काय, हे आईने पहिल्याच दिवशी खोदून खोदून विचारलं होतं. आई म्हणजे नंदा, हमरापुरातल्या आखणीवाल्या बायकांत पहिलं नाव. गणपतीचे डोळे आखायला शेजारच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. तिला कुठलंही काम कसं होतं ते कळल्याशिवाय चैन पडत नसे. समीक्षाने सांगितलं, बाहेर तयार केलेला गर्भ आत सोडतात. पण नुसता सोडून चालत नाही. आतलं अस्तर जाड, मऊ व्हावं लागतं. त्यासाठी आधी एक हार्मोन, मग दुसरं, आणि गर्भ सोडल्यावरही ते दुसरं चालूच ठेवायचं, म्हणजे अस्तर टिकतं.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय. शाडूच्या गणपतीला हात जोडतात तसं. दोन्हीकडं ओल लागते. एकीकडं सुकली की हात गळला."

"तसंच," समीक्षा म्हणाली. डॉक्टरांनी काढलेल्या चित्रापेक्षा हे बरं होतं.

तेव्हापासून घरात या सगळ्याला एकच शब्द झाला. गणपती बसतो तसा गर्भ बसायचा. बाबा दुपारी जेवायला शेडीतून आत आले की हात धुता धुता विचारायचे, "बसला?" आणि आई अंथरुणावरून म्हणायची, "अवो, चतुर्थी तर येऊ द्या!" दोघं हसायची. आईला हसताना कुशीत कळ यायची, तरी हसायची.

दुसऱ्या हार्मोनचं इंजेक्शन तेलातलं. मधासारखं दाट. ते टोचलं की कंबरेखाली गाठ येई. आईने स्वतःच्या पोटावर ठेवायची शेकायची रबरी पिशवी समीक्षाला दिली. दिली म्हणजे, बसताही येत नसताना लेकीला पालथी झोपवून स्वतः ती पिशवी त्या गाठीवर दाबून धरली. पिशवी अगदी बरोबर जागेवर होती.

समीक्षा घरात शिरली तेव्हा सरूकाकी आईच्या उशाशी बसली होती. काकी म्हणजे समोरच्या घरातली, बाबांच्या चुलत भावाची बायको. हिचं आणि आईचं तीस वर्षं भांडण आणि तीस वर्षं एकत्र बसून मुकुटांना सोनेरी लावणं, दोन्ही अखंड.

"आलीस? तोंड का गो असं?" काकी म्हणाली.

"ऊन आहे."

"उन्हानं तोंड लाल व्हतं. तुझं पांढरं हाय."

समीक्षाने शहाळं खाली ठेवलं. संध्याकाळी सांगू, असं तिने वाटेतच ठरवलं होतं. बाबा असतील, अंधार पडलेला असेल, आईचा चेहरा नीट दिसणार नाही. पण आईने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "पाळी आली काय गो?"

"नाही."

"तारीख उलटली ना?"

"हो."

दोन्ही उत्तरं खरी होती. रक्ताच्या तपासणीबद्दल आईने विचारलंच नाही. तिच्या लेखी रक्ताची तपासणी बाईच्या अंगात घरच्या घरी होत होती आणि तिचा निकाल आला होता. समीक्षाने पुढचं वाक्य जुळवायच्या आत काकीने मांडीवर थाप मारली.

"अगो, मंग बसला! नंदे, बसला गो!"

आईने डोळे उघडले. पिवळे पडलेले, खोल गेलेले ते डोळे समीक्षाकडे वळले आणि कित्येक दिवसांनी त्यांत चमक आली. आई म्हणाली, "सरू, पेज हाय काय गो? दोन घास दे. भूक लागल्यागत वाटतंय."

चार दिवसांत तिच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. तिने पेज खाल्ली, वर शहाळ्याची मलई चाखली. दारात उभे राहिलेले बाबा बघत राहिले. समीक्षा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि फळीसमोर उभी राहिली. आजपासून बंद, असं सांगितलं होतं. गोळी बंद केली की आठवड्याभरात पाळी येणार. या घरात पाळी लपत नाही. इथे देव माणसांपेक्षा जास्त आहेत. बाजूला बसलेली बाई शेडीत जात नाही, मूर्तीला हात लावत नाही. समीक्षा मोरीशेजारच्या खोलीत बसलेली दिसली की आईला सगळं कळणार.

तिने गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

*

दर सीझनला या गावातल्या बायका गोळ्या घेतात. गणपती तोंडावर आले, ऑर्डरी उभ्या, आणि हातात ब्रश असलेल्या बाईने बाजूला बसायचं म्हटलं तर मूर्तींना डोळे कोण देणार? म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आईने घेतल्या, काकीने घेतल्या, समीक्षाने कॉलेजात असताना घेतल्या. अंग जड होतं, छाती दुखते, तोंडाला चव नसते. गौरी गेल्या की गोळी बंद, मग पाळी.

समीक्षाच्या दवाखान्यातल्या गोळ्या त्याच गोतातल्या. अस्तर धरून ठेवायचं एवढंच त्यांना माहीत. आत गर्भ बसला आहे की नाही याची चौकशी त्या करत नाहीत. समीक्षाला हे पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं, या विषयावर मिळेल ते तिने वाचलं होतं. पण घरात त्या गोळ्या 'ढकलायच्या' आणि या 'बसवायच्या'. नावं वेगळी, डॉक्टर वेगळे, घ्यायचं कारण वेगळं. दोन्हींची जात एकच असेल हे कोणाच्या मनात यावं तरी कसं?

त्या रविवारी नितेश आला. रोह्याच्या कंपनीत त्याच्या शिफ्ट बदलत्या. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी एकटाच असल्याने त्याचा शर्ट चुरगळलेला. रिपोर्ट त्याला फोनवर कळला होता. आल्या आल्या काकीने त्याच्या हातावर साखर ठेवली.

"जावई, तोंड गोड करा. आता नोकरीत लक्ष द्या, खाणारं तोंड येतंय."

नितेशने साखर तोंडात टाकली आणि समीक्षाकडे पाहिलं. मग ती दोघं शेडीत जाऊन मूर्तींच्या आड बसली.

"गोळ्या चालू आहेत?"

"हो."

"डॉक्टरांनी..."

"मला माहीत आहे डॉक्टरांनी काय सांगितलं ते."

तो जमिनीवरच्या वाळलेल्या शाडूचे खडे बोटाने फोडत बसला. "किती दिवस?"

"ती आहे तोवर."

बोलून झाल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. नितेशलाही आलं असावं. त्याने खडा हातातच ठेवला. मग म्हणाला, "आपण त्याचं काहीच केलं नाही ना. म्हणजे... तो गर्भ गेला ना. एकदा बसून बोललोसुद्धा नाही."

"आत्ता नको," ती म्हणाली.

त्याला दुपारच्या शिफ्टला परतायचं होतं. नागोठण्याला गाडी बंद पडल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा दोघं गाडीबद्दल बराच वेळ बोलली.

इंजेक्शनं टोचणारा कंपाउंडर चिठ्ठीशिवाय टोचेना, त्यामुळे इंजेक्शनं बंदच झाली. गोळ्यांची पाकिटंही संपली. पेणच्या बाजारातल्या औषधवाल्याकडे जाऊन समीक्षाने साध्या, पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या. तो ओळखीचा, तोंडाचा सैल.

"ताई, गणपतीला लांब आहे अजून! आत्तापासून तयारी?" मग स्वतःच म्हणाला, "लग्न असेल घरात."

"हो," समीक्षा म्हणाली. "लग्नच आहे."

*

आई थोडी सावरली, असं सगळ्यांना वाटलं. ती बोलायची. मूल कोणाच्या रंगावर जाईल, बाबांचं नाक आलं तर काय करायचं, मुलगी झाली तर तिला ब्रश धरायला कोण शिकवणार. पण एक गोष्ट समीक्षाच्या हिशेबात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती आईला कुशीवर वळवायला वाकली, तर आईने तिचा हात बाजूला केला.

"तू नको. वजन उचलायचं नाय. सरूला हाक मार."

"आई, तुझं वजन आहे कुठे?"

"सरूला हाक मार म्हणते ना!"

मग अंग पुसणं काकीकडे गेलं. मग आईखालचं भांडं, कारण त्याचा वास पोटुशीने घेऊ नये. मग रात्री शेजारी झोपणं, कारण आई कण्हते आणि समीक्षाची झोप मोडते. नोकरीवर रजा टाकून ती आली होती ती हे सगळं करायला. आता ती दाराशी खुर्चीत बसून काकी चुकीच्या बाजूने चादर ओढताना बघायची. "काकी, डावीकडून," म्हटलं तर काकी म्हणायची, "तू गप बस, तुझं तू पोट सांभाळ." आणि आई तिथून तिच्याकडे बघून हसायची, जणू दोघींनी मिळून काही मोठं काम साधलंय.

सांगावं, असं समीक्षाला रोज वाटे. रोज सकाळी आई विचारायची, "आज मळमळ हाय?" आणि मळमळ खरंच असायची, कारण गोळ्या. ती म्हणायची, "आहे." आईचा चेहरा निवायचा. इतक्या खऱ्या उत्तरांनी बांधलेलं ते खोटं कुठून सोडवायला घ्यावं, तेच तिला कळेना.

एकदा बाबांनी तिला मोरीपाशी गाठलं. "तुझी आय काल किती दिवसांनी झोपली," ते म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण ते पंच्याने मान पुसत शेडीकडे गेले.

*

आई गेली ती दुपारी. काकी तिला पाणी पाजत होती आणि पाणी ओठांवरून खाली आलं. समीक्षा दाराशी खुर्चीतच होती. ती उठून दोन पावलं आली तोच काकी भांडं टाकून आडवी आली.

"नाय! हिकडं नाय यायचं. बघू नको. चल, चल भायेर."

काकीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. तिने समीक्षाला दंडाला धरून मागच्या दाराने शेडीत नेलं, एका रंगाच्या डब्यावर बसवलं. घरातून बाबांचा एकच आवाज आला, मग शेजारच्या बायका धावल्याचा.

"काकी, मला जाऊ दे."

"दोन जिवांच्या बाईनं मढ्यापाशी जात नाय. तुला म्हायती नाय काय?"

"काकी, माझ्या पोटात काही नाही."

काकीने तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला ओशट पेजेचा वास होता. "असं अभद्र बोलू नाय. वेळ बरी नाय गो."

समीक्षाने तो हात काढला. "खरंच नाही. रिपोर्ट तेव्हाच आला होता. बसलाच नाही. मी आईसाठी..." तिने काकीचं मनगट धरलं. "मी गोळ्या घेतेय. तू सीझनला घेतेस त्याच गोळ्या, काकी."

"त्या कुठं आन् ह्या कुठं!" काकी म्हणाली. मग तिने समीक्षाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मायेने, पोराला विचारावं तसं विचारलं, "पाळी आली?"

समीक्षाने तोंड फिरवलं.

"सांग ना. आली?"

"नाही."

"मंग? दुःखानं डोकं फिरतं माणसाचं. बस हिथं." काकीने तिच्या डोक्यावर पदर घातला. "तुझ्या आयशीनं मला वचनात घेतलंय. म्हणली, सरू, मी मेले की माझ्या पोरीला माझ्याजवळ येऊ देऊ नको. ती रडेल, भांडेल, तुला शिव्या देईल, पण सोडू नको. माझा वारा त्या जीवाला लागाया नको. माझ्या हातावर हात मारून घेतलान तिनं. आता सांग, मी काय करू?"

आणि काकी गेली. दाराला बाहेरून कडी नव्हती. समीक्षाला उठून जाता आलं असतं. सगळ्यांच्या देखत ओरडून सांगता आलं असतं. पण काय सांगणार होती ती? आई ज्यावर जेवली, ज्यावर झोपली, ज्याच्यासाठी शेवटचं वचन घेतलं ते काहीच नव्हतं, हे आईच्याच उशाशी उभं राहून? ती दोनदा उठली. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेली. आत बायका पाणी ओतत होत्या. कोणीतरी म्हणालं, "केस विंचरा, केस. सवाष्ण गेली, भरून कुंकू लावा." आईच्या केसांत डाव्या बाजूला भोवरा होता. तिथून कंगवा उलटा फिरवावा लागतो, नाहीतर केस उभे राहतात. हे त्या घोळक्यात कोणाला माहीत नव्हतं.

ती परत येऊन डब्यावर बसली.

नितेश रोह्याहून पोचेपर्यंत निघायची वेळ झाली होती. तो सरळ शेडीत आला. "तू सांग बाबांना," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर ऐकतील."

तो गेला आणि बाबांना घेऊन आला. अंगावर ओला पंचा, हातात गोवऱ्यांचं मडकं धरायची वेळ आलेला तो माणूस शेडीच्या दारात उभा राहिला. त्यांनी समीक्षाकडे पाहिलं, मग खाली.

"नितेश बोलला मला," ते म्हणाले. "खरं काय, खोटं काय, मला आता कळत नाय बाय. पण ती तोंडावर हसू घेऊन पडलीय. तिच्यापुढं जाऊन तू काय बोलशील? आन् नाय बोलशील, तर सरू तुला जाऊ देईल?"

"बाबा, एकदा. नुसतं पायाशी."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "भरतदादा, उशीर होतोय!" ते म्हणाले, "मी काय करू गो?" आणि गेले.

पत्र्याच्या फटीतून तिला तिरडी दिसली. खांद्यांच्या मधून हिरवं लुगडं, आणि एक केस उभा राहिलेला, डाव्या बाजूला. नितेशला खांदा द्यायला बोलावलं. तो जाताना मागे वळून बघत होता, पण त्याला ती दिसली नसणार. तिच्या आणि त्याच्या मध्ये मूर्तींची रांग होती.

त्या संध्याकाळी गोळी घ्यायची वेळ आली आणि गेली.

*

सुतकात घरात चूल पेटत नव्हती. जेवण शेजारच्या घरांतून येई. तिसऱ्या दिवसानंतर एका सकाळी समीक्षा मोरीतून बाहेर आली आणि मोरीशेजारच्या खोलीत चटई टाकून बसली. काकी चहा घेऊन आली, तिला तिथे बसलेली पाहिलं आणि चहाची कपबशी हातातच राहिली.

"कधी?"

"आत्ता."

काकी मटकन खाली बसली. चहा सांडला. "गेलं," ती म्हणाली. "धसक्यानं गेलं गो. मी तुला फिरकू दिली नाय, तोंड बघू दिलं नाय, तरी गेलं." आणि ती रडायला लागली. तीस वर्षं जिच्याशी भांडली तिच्यासाठीही ती चारचौघांत एवढी रडली नव्हती. "नंदे, तुझं एवढं पण राखता नाय आलं गो मला. काय तोंड दाखवू तुला..."

समीक्षाने सांगायला तोंड उघडलं. आता सांगायला हरकत नव्हती. ज्या बाईपासून लपवायचं होतं ती राहिली नव्हती, आणि ही समोरची नाहक स्वतःला दोष देत होती. "काकी," ती म्हणाली, "तुझा काही दोष नाही. ते आधीच..."

"असूं दे. असूं दे," काकी म्हणाली आणि तिचं डोकं तिने स्वतःच्या छातीशी ओढलं. "एवढुसा जीव. तोंड पण नाय बघितलं कुणी त्याचं."

तीन खेपांत, इतक्या सुया, इतक्या तपासण्यांत, त्याच्यासाठी कोणी रडलं नव्हतं. दवाखान्यात निगेटिव्ह म्हणत. नितेश गाडीबद्दल बोलला होता. काकीच्या लुगड्याला रंगाचा आणि घामाचा वास होता, आणि समीक्षा त्यात तोंड खुपसून इतकी रडली की बाबा अंगणातून उठून दारापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले.

काकी मग उठली आणि पाणी तापवून आईची रबरी पिशवी भरून घेऊन आली. "पोटावर धर. कळा येतील."

पिशवीचं झाकण काकीने तिरकं फिरवलं होतं. आई ते आधी एकदा उलटं फिरवून, आटा नीट बसवून मग आवळायची. कोमट पाणी झिरपायला लागलं, परकरावर, मग चटईवर. समीक्षाने झाकण काढून नीट लावायला हात नेला, पण काकी तिच्याकडेच बघत होती, एवढं तरी नीट केलं ना, असं विचारल्यासारखी. तिने पिशवी तशीच पोटाशी धरून ठेवली.